अँमीटरच्या भोकात व्होल्टमीटर: बुलेटच्या काट्यांची पार्श्वभूमी

लांब पल्ल्याला निघणाऱ्या जुन्या बुलेटवर हल्ली एक बदल हमखास दिसतो. हेडलाइटच्या टोपावर जिथे अँमीटर, म्हणजे बॅटरीत करंट जातोय की तिच्यातून निघतोय ते दाखवणारा काटा असायचा, तिथे लाल किंवा निळ्या आकड्यांत व्होल्टेज दाखवणारा व्होल्टमीटर बसलेला असतो. काम दिसायला अर्ध्या तासाचं असतं. तरी बऱ्याचदा असं होतं की नवा मीटर जुन्याच दोन वायरींना जोडला जातो, चावी फिरवली तर दिवा नाही, हॉर्न नाही, आणि गाडी ढकलत इलेक्ट्रिशियनकडे न्यावी लागते. मीटर खराब नसतो. ते भोक ज्या मीटरसाठी होतं त्याचं काम वेगळं होतं आणि म्हणून त्याची जोडणीही वेगळी होती.

मोटरसायकलवर अँमीटर आला तो डायनॅमोच्या, म्हणजे इंजिनवर फिरून वीज करणाऱ्या जुन्या यंत्राच्या काळात. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत चार्जिंग आपोआप आवरलं जात नसे. दिव्याच्या स्विचवरच अर्धं चार्जिंग आणि पूर्ण चार्जिंग अशा जागा असत आणि त्यांतली कुठली वापरायची ते चालवणाऱ्याने ठरवायचं. दिवसा पूर्ण चार्जिंगवर ठेवली तर बॅटरी उकळायची, रात्री अर्ध्यावर राहिली तर घरी पोचेपर्यंत दिवा पिवळा पडायचा. अशा गाडीवर काटा ही गरज होती. व्होल्टेज आवरणारे रेग्युलेटर आले, पुढे डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला, पण सवयीने अँमीटर राहिला. लुकास कंपनीचे ८-०-८ किंवा १२-०-१२ अँपिअरचे छोटे गोल मीटर ब्रिटिश गाड्यांच्या हेडलाइटवर कायमचे झाले.

रॉयल एन्फील्डने पन्नासच्या दशकाच्या मध्यावर हेडलाइट, स्पीडोमीटर, अँमीटर आणि दोन बाजूंचे दोन छोटे पायलट दिवे एकाच ओतीव टोपात बसवले. कंपनी त्याला कॅस्केट म्हणायची; ते दोन दिवे आपल्याकडे टायगर लॅम्प म्हणून ओळखले गेले. भारतीय सैन्याने ३५० सीसीच्या ८०० बुलेट मागवल्यानंतर १९५५ मध्ये मद्रासला एन्फील्ड इंडिया उभी राहिली आणि हाच टोप इथे आला. इंग्लंडमधलं उत्पादन १९७० मध्ये थांबलं. इथे मात्र टोप, त्यातला काटा आणि काट्याभोवतीची सगळी वायरिंग पुढची कित्येक दशकं तशीच चालू राहिली.

काट्याचा एक उपयोग ब्रिटिश अभियंत्यांच्या डोक्यात होता की नाही कोण जाणे, पण बुलेटवाल्यांनी तो पुरता अंगवळणी पाडला. पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क असलेल्या) बुलेटला चावी लावून किक हळूहळू दाबत न्यायची. पॉइंट मिटलेले असताना इग्निशन कॉइल साधारण तीन-चार अँपिअर ओढते, त्यामुळे काटा वजाकडे झुकतो. किकला दम लागला आणि काटा मध्यावर आला की पॉइंट उघडले, म्हणजे पिस्टन कॉम्प्रेशनच्या माथ्याजवळ पोचला. तिथे सिलिंडरमधला दाब सोडणारा डिकॉम्प्रेसरचा खटका ओढून किक बोटभर पुढे सरकवायची, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग पूर्ण मारायची. काटा वजाकडे असताना मारलेली किक पोटरीवर उलटून येऊ शकते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन आल्यावर ही खूण संपली. सेल्फ आल्यावर तिची गरजही उरली नाही. सेल्फच्या मोटरचा करंट तर या मीटरमधून कधीच जात नाही. पन्नास-शंभर अँपिअर त्या नाजूक पट्टीतून गेले तर ती जागच्या जागी जळेल.

अँमीटर बॅटरी आणि बाकी गाडी यांच्या मध्ये, त्याच वाटेवर बसतो. सेल्फचा करंट सोडला तर बॅटरीतून येणारा आणि तिच्यात जाणारा करंट त्याच्याच दोन बोल्टांवरून जातो. सिंगल सिलिंडरच्या थरथरीने त्यातलं एखादं नट सैल झालं की खड्ड्यात गाडी आचके देते, कधी एकदम बंद पडते. पळत्या गाडीत हा सांधा तुटला तर अल्टरनेटर बॅटरीपासून सुटतो, व्होल्टेज उसळतं आणि बल्ब उडतात. बल्ब वारंवार उडत असतील तर ते बदलत बसण्याआधी या दोन नटांवर पाना फिरवून पाहावा.

दुसरी अडचण यापेक्षा मोठी आहे. काटा मध्यावर स्थिर असेल तर त्याचे दोन अर्थ निघतात: बॅटरी भरली आहे म्हणून आणखी करंट घेत नाही, किंवा अल्टरनेटर जेमतेम दिव्यापुरतं देतोय आणि बॅटरीला काही उरत नाही. बॅटरीत आता किती आहे, ते अँमीटर कधीच सांगत नाही. गावातल्या गावात याने बिघडत नाही. दिवसाला चारशे किलोमीटर जायचं असेल तर हाच प्रश्न पहिला येतो.

टूरिंगच्या गाड्यांवर व्होल्टमीटर आला तो याच कारणाने. बीएमडब्ल्यूच्या १९७३ च्या आर ९० एस मॉडेलवर छोट्या फेअरिंगमध्ये (पुढच्या वारा अडवणाऱ्या कवचात) घड्याळ आणि व्होल्टमीटर शेजारी-शेजारी होते. त्या गाडीचा अल्टरनेटर २३८ वॅटचा होता, तिच्याच जोडीच्या साध्या मॉडेलांचा २८० वॅटचा. आर १०० आर एसच्या मोठ्या फेअरिंगमध्येही १९७६ मध्ये हीच जोडी दिसली. होंडा गोल्डविंगने १९७५ पासून अमेरिकेत लांबच्या प्रवासाची चाल बदलली, आणि मालकांनी तिच्यावर रेडिओ, जादा दिवे, गरम हँडग्रिप असं काय काय चढवलं. पहिल्या तीन पिढ्यांत, म्हणजे १०००, ११०० आणि १२०० सीसीच्या गाड्यांत, स्टेटर, म्हणजे अल्टरनेटरची न फिरणारी गुंडाळी, इंजिनच्या मागच्या बाजूला असल्याने इंजिन फ्रेममधून उतरवल्याशिवाय तिथे हात पोचत नाही. स्टेटरच्या तीन पिवळ्या वायरींचा प्लॅस्टिकचा कनेक्टर तापून वितळायचा. तो कापून तिन्ही वायरी सोल्डर करायच्या आणि डॅशवर व्होल्टमीटर लावायचा, ही दोन कामं त्या मालकांत पाठ झाली होती. इंजिन उतरवण्याच्या खर्चापुढे मीटर म्हणजे चिल्लर.

भारतात हा प्रश्न उशिरा आला. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन चालू असताना सतत जळू लागला. ५५ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर घेतो. त्यात वीस-वीस वॅटचे दोन एलईडी फॉग लॅम्प, म्हणजे तीन-सव्वातीन अँपिअर, आणि मोबाइलचा जलद चार्जर दीड अँपिअर. जुन्या बुलेटवर हेच सामान चढवलं तर ट्रॅफिकमध्ये स्लोवर उभं असताना हिशेब उलटा पडतो आणि बॅटरी मुकाट्याने रिकामी होत जाते. ते कळायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी, सेल्फ नुसता टक् करतो तेव्हा.

तर अँमीटर काढून व्होल्टमीटर लावायचा असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. अँमीटरच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा: दोन्हींची थिंबल (टोकाच्या भोकाच्या पट्ट्या) एका छोट्या पितळी बोल्टने घट्ट आवळा, वर दुहेरी हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. मधे तुकडा लागलाच तर २.५ चौरस मिलिमीटरपेक्षा बारीक वायर नको. हा पूल केला नाही तर गाडीला वीजच मिळत नाही, कारण व्होल्टमीटर मुद्दामच करंट अडवणारा असतो. सुरुवातीला सांगितलेली फसगत ती हीच. उलटी चूक जास्त महागात जाते. अँमीटर बॅटरीच्या दोन टोकांना थेट लावला तर तो सरळ शॉर्ट होतो आणि वायरिंग पेटते.

व्होल्टमीटरला वीज कुठून द्यायची यावर त्याच्या आकड्याचा भरवसा ठरतो. थेट बॅटरीवरून कायमची दिली तर मीटर गाडी बंद असतानाही पितो. २० मिलिअँपिअर म्हणजे दिवसाला जवळजवळ अर्धा अँपिअर-तास. १४ अँपिअर-तासाची बॅटरी दोन आठवडे उभ्या गाडीत निम्मी होते. चावीनंतरच्या वायरवरून घेतली तर हा प्रश्न सुटतो, पण जुन्या इग्निशन स्विचच्या झिजलेल्या पट्ट्यांत तीन-चार दशांश व्होल्ट गळतो आणि मीटर उगाच कमी दाखवतो. स्वच्छ उपाय रिलेचा, म्हणजे छोट्या करंटने चालणाऱ्या स्विचचा आहे. चावीच्या वायरने रिले चालू करायचा, मीटरची वीज बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून १ अँपिअरच्या फ्यूजमधून घ्यायची, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात ठेवायचा. वायर ०.७५ चौरस मिलिमीटरची पुरते. अर्थिंग हँडलला देऊ नये. तिथून वाट स्टिअरिंगच्या बेअरिंगमधल्या ग्रीसमधून जाते आणि आकडा नाचतो. स्वतंत्र काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत न्यावी. शेवटी मल्टिमीटर बॅटरीवर लावून दोन्ही आकडे ताडून पाहावेत. फरक ०.१ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर कुठला तरी सांधा कच्चा आहे, किंवा मीटरच.

वायर टोपात नेताना भोकाला रबरी ग्रोमेट हवाच, नाहीतर पत्र्याची धार महिन्याभरात इन्सुलेशन कापते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ताण येतो का ते पाहावं. कनेक्टरच्या आधी वायरला खाली एक झोळ द्यावा. कोकणातल्या घाटात पावसाचं पाणी वायरीवरून ओघळत थेट मीटरमध्ये शिरतं, ते त्या झोळावरून टपकून जातं. टेप गुंडाळून केलेला जोड पहिला पावसाळाही काढत नाही. मीटर निवडताना रात्रीचा उजेड बघावा. निळे आकडे शोरूममध्ये छान दिसतात, पण अंधाऱ्या रस्त्यावर डोळ्यांत घुसतात. लाल किंवा पिवळे बरे. मोटारीसाठी मिळणारे ५२ मिमीचे काटेवाले मीटर घेण्याआधी भोक व्हर्नियरने मोजावं. ओतीव टोप कापून मोठा केला की परत लहान होत नाही.

आकडे वाचायचे ते असे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर १२.६ ते १२.८ म्हणजे लेड-अ‍ॅसिड बॅटरी भरलेली, १२.० च्या आसपास असेल तर पाव भागच उरला आहे. चालत्या गाडीत मधल्या रेसवर १३.८ ते १४.५ हवं. हायवेवर सतत १३ च्या खाली राहिलं तर स्टेटर, रेग्युलेटर किंवा त्यांच्यामधला कनेक्टर तपासावा. शक्यतो कनेक्टरपासून सुरुवात करावी, कारण तो फुकट तपासता येतो. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर गेलाय. बॅटरी उकळायच्या आत जादा दिवे लावून भार वाढवावा आणि जवळच्या गावात थांबावं.

हौसेने स्पीडोमीटर बदलणाऱ्यांना वेगळा इतिहास नडतो. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झेने १९०२ मध्ये पेटंट घेतलेली रचना केबलवाल्या मीटरांत आजही तीच आहे: केबलने फिरणारं चुंबक, त्याच्यामागे ओढली जाणारी अ‍ॅल्युमिनिअमची वाटी आणि तिला धरून ठेवणारी केसासारखी स्प्रिंग. केबल किती फिरली की किती वेग, हे प्रमाण मात्र मीटरागणिक वेगळं असतं. बाजारातल्या छोट्या गोल मीटरांच्या तबकडीवर के १.० किंवा के १.४ असं छापलेलं असतं. म्हणजे ताशी ६० ला केबलचे मिनिटाला १००० किंवा १४०० फेरे. १.४ च्या गाडीवर १.० चा मीटर बसवला तर खऱ्या ६० ला तो ८४ दाखवतो, किलोमीटरही तसेच फुगतात, आणि पेट्रोलचा अ‍ॅव्हरेज अचानक झकास वाटू लागतो. घेण्याआधी केबल वरून सोडवावी, आतल्या तारेला कागदाचा झेंडा चिकटवावा आणि गाडी बरोबर २० मीटर ढकलावी. झेंडा २८ वेळा फिरला तर १.४. जुना मीटर काढताना त्यावरचे किलोमीटर सर्व्हिस बुकात तारखेसह लिहून ठेवावेत. विकताना तोच एक पुरावा राहतो.

केबल गेल्यावर ही सोयही आटली. बजाजच्या पल्सरवर २००६ मध्ये डिजिटल कन्सोल आला आणि वेग सेन्सरने मोजला जाऊ लागला. रॉयल एन्फील्डच्या २०१६ च्या हिमालयनने होकायंत्र आणि हवेचं तापमान कन्सोलमध्येच दिलं. अशा तापमापकाचा आकडा गाडी उभी असताना इंजिनच्या उष्णतेने चढतो, तो चालत्या गाडीतच वाचावा. त्याच कंपनीच्या २०२० च्या मिटीऑरवर नकाशाची वेगळी गोल तबकडी मुख्य मीटरच्या शेजारी आली. अशा गाड्यांत मूळ मीटर काढून दुसरा लावणं शहाणपणाचं नाही, कारण इंजिन आणि एबीएसचे इशारे त्यातच येतात. जोड म्हणून वेगळा व्होल्टमीटर वरच्याच पद्धतीने लावता येतो.

एप्रिल २०२३ पासून नव्या दुचाकींना ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे दोष तपासून सांगण्याची यंत्रणा) लागू झाल्यावर तिसरी वाट उघडली. सीटखालच्या सहा पिनांच्या सॉकेटला जोडवायर लावून ब्लूटूथ रीडर बसवला की बऱ्याच गाड्यांचं व्होल्टेज आणि इंजिनचं तापमान फोनवर दिसतं. मोटारीचा सोळा पिनांचा रीडर तसाच तिथे बसत नाही, सहा ते सोळा पिनांची जोडवायर लागतेच. आणि या सॉकेटला अनेकदा कायमची वीज असते, म्हणून मुक्कामाला पोचल्यावर रीडर काढून खिशात टाकावा.