दगडी पात्याची सुरी घरी नेताना

तुम्ही घेतलेल्या सुरीचे पाते अकीक (अ‍ॅगेट) या दगडाचे आहे आणि मूठ शिसवी लाकडाची. पाते खिडकीपाशी उजेडात धरून बघा. मध्ये ते मधासारखे दाट दिसेल, कडेला पातळ होत होत जवळजवळ आरपार. ही धार घासून लावलेली नाही. तांब्याच्या टोकाने दाब देऊन एकेक कपची उडवत काढली आहे. पात्यावरचे शिंपल्यासारखे उथळ खळगे त्या कपच्यांचेच.

पात्याचा लालसर रंग वरून दिलेला आहे का, असे बरेच जण विचारतात. नाही. दगड मंद आचेवर तापवला की त्यातल्या लोहामुळे पिवळट छटा लाल होते. शिवाय कपचीही सरळ उडते.

हा उद्योग जुना आहे. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात शिरूर तालुक्यातल्या इनामगावला उत्खनन केले, तेव्हा याच जातीच्या दगडाची पाती निघाली. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकऱ्यांना तांबे ठाऊक होते, तरी कापाकापीला दगड होताच. मुठीवर प्राणी कोरण्याची कल्पनाही आमची नव्हे. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात इजिप्तची पाच हजार वर्षांहून जुनी गारगोटीची सुरी आहे. तिची मूठ पाणघोड्याच्या दाताची, आणि तिच्यावर सिंह कोरलेले.

आमच्याकडे बैल, घोडा आणि मोर मिळतो. आमचे मत विचाराल तर बैल घ्या. वशिंड अंगठ्याखाली बरोबर बसते. मोराची मान नाजूक, तो शोकेसमध्येच शोभतो. सांबरशिंगाची मूठ मागू नये. शिंग जंगलात आपोआप गळून पडलेले असले, तरी 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याचा व्यापार करता येत नाही.

अकीक साध्या पोलादापेक्षा कठीण, पण ठिसूळ. फळ, पनीर, कागद, दोरा खुशाल कापा, मात्र सुरी सरळ ओढा, पिळू नका. खाली लाकडी पाट घ्या. स्टीलच्या ताटात धार उडते. एका गिऱ्हाइकाने हिच्याने सुपारी फोडायला घेतली आणि पात्याचे तीन तुकडे घेऊन आले. अहो, अडकित्ता कशाला असतो मग!

पाते मुठीत राळ आणि मेणाने बसवले आहे. गरम पाण्यात बुडवू नका, मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ओल्या फडक्याने पुसले की पुरे. मुठीला वर्षातून एकदा जवसाचे तेल चोळा.

धार गेली तर सहाणेवर किंवा ग्राइंडरवर अजिबात धरू नका. पाते तर जाईलच, पण त्या दगडाची बारीक धूळ फुप्फुसात बसते. गुजरातेतल्या खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांना सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार होतो तो तिच्यामुळेच. सुरी आमच्याकडे पाठवा, कपच्या काढून देऊ. दर वेळी पाते जरा अरुंद होईल, त्याला इलाज नाही. पाठवताना जाड फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात घाला. नुसत्या पाकिटातून आलेली एक सुरी आमच्या दारात पोचली तेव्हा तिचे टोक पाकिटाबाहेर होते.