पारसिकच्या डोंगरात तांब्याची खाण का नाही?

नवी मुंबईतल्या कितीतरी इमारतींना पारसिकच्या डोंगराची खडी लागली आहे. तो काळा दगड कुटून प्रयोगशाळेत तपासायला दिला, तर त्यात तांबं सापडतं. दख्खनच्या बेसाल्टमध्ये ते साधारणपणे दहा लाख भागांत शंभर-दोनशे भाग असतं, म्हणजे पृथ्वीच्या कवचाच्या सरासरीपेक्षा जास्तच. तरीही इथे कोणी तांब्याची खाण काढणार नाही. जगातलं बरंचसं तांबं येतं ते चिली-पेरूच्या अँडीजमधून, इंडोनेशियातल्या पापुआच्या शिखरांवरून. जिथे चार पावलं चढलं की धाप लागते आणि आधी रस्ताच बांधावा लागतो अशा ठिकाणांहून. हा योगायोग नाही. ज्या घडामोडींनी ते डोंगर उभे केले, त्यांनीच तिथे तांबं गोळा केलं.

आपला सह्याद्री सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून उसळलेल्या लाव्हाचा. तो पसरला, थिजला आणि त्यातलं तांबं जिथल्या तिथे विखुरलेलं राहिलं. धातू एका जागी जमायचा तर त्याला वाहून नेणारं कोणीतरी लागतं, आणि ते काम पाणी करतं. अँडीजखाली समुद्रतळाचं कवच दक्षिण अमेरिकेच्या खाली सरकतं आहे. खोल गेल्यावर त्यातलं पाणी सुटतं, त्यामुळे वरचा खडक वितळतो आणि हा पाणीदार शिलारस वर चढून ज्वालामुखीखाली काही किलोमीटरवर थबकतो. तो निवताना त्यातून तप्त, खारट द्रव वेगळा होतो. त्यातलं क्लोरीन तांब्याला धरून ठेवतं. दाब वाढत जातो आणि कुकरची शिटी व्हावी तसा वरचा खडक तडकतो, एकदा नव्हे, हजारो वेळा. त्या बारीक तडांमध्ये द्रव शिरतो, तापमान चारशे अंशांच्या आसपास उतरतं आणि तांबं, लोह व गंधक मिळून पिवळसर चकाकणारं चाल्कोपायराइट तयार होतं. अशा साठ्याला पोर्फिरी म्हणतात. त्यात तांबं असतं साधारण अर्धा ते एक टक्का. ऐकायला क्षुल्लक, पण कवचाच्या सरासरीच्या शंभरपट!

पुढे डोंगर उचलला जातो, पाऊस आणि हिमनद्या वरचा दोन-तीन किलोमीटरचा थर खरवडून काढतात, तेव्हा साठा हाताशी येतो. झीज तशीच चालू राहिली तर साठाही वाहून जातो. म्हणूनच अशा खाणी बहुतेक तरुण, उंच पर्वतांत असतात. पापुआतला ग्रासबर्गचा साठा जेमतेम तीस लाख वर्षांचा आहे. आपलं मध्य प्रदेशातलं मलाजखंड मात्र दुर्मीळ अपवाद. तिथला साठा जवळजवळ अडीचशे कोटी वर्षं टिकून राहिला आहे.

आता ठाणे स्टेशनात वर पाहा. लोकलच्या टपावरचा वीज घेणारा सांगाडा, म्हणजे पँटोग्राफ, जिला घासत जातो ती वायर कडक तांब्याची असते. तिला वरच्या अंगाला दोन्हीकडून खाचा असतात, त्यांत क्लिपा बसतात. खालची बाजू घासून घासून सपाट होत जाते. तिचा छेद १०७ चौरस मिलिमीटर, म्हणजे एका किलोमीटरला साडेनऊशे किलो तांबं. अर्धा टक्का प्रतीच्या खनिजातून, प्रक्रियेतली गळती धरून, एवढं तांबं काढायला सुमारे २२० टन दगड दळावा लागतो. ठाणे ते सीएसएमटी सुमारे ३४ किलोमीटर. चारच मार्ग धरले तरी तीस हजार टन दगड झाला, आणि तोही फक्त या एका वायरीसाठी. खनिजावरचा निरुपयोगी खडक हटवावा लागतो तो वेगळाच. ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमधल्या केबली, नवी मुंबई मेट्रो, घराघरातलं वायरिंग यांचा हिशेब मी इथे धरलेलाच नाही.

असा साठा सापडला म्हणजे खाण सुरू झाली असं नसतं. ग्रासबर्गशेजारचं एर्ट्सबर्ग हे काळं टेकाड डच भूवैज्ञानिक दोझी यांनी १९३६ साली पाहिलं. तांबं बाहेर पडायला १९७२ उजाडलं. मध्ये जंगल, दलदल आणि सरळसोट कडे होते. खनिज कड्यावरून खाली आणायला रोपवे बांधले, आणि दळलेल्या खनिजाचा राडा शंभराहून जास्त किलोमीटरच्या नळातून बंदरापर्यंत नेला.

पाण्याची गोष्ट याहून अवघड आहे. चिलीतली एस्कोंदिदा ही जगातली सर्वांत जास्त तांबं देणारी खाण अटाकामाच्या वाळवंटात तीन हजार मीटरच्या वर आहे. तिथलं भूजल उपसणं थांबवून आता समुद्राचं पाणी गोडं करून वर चढवतात. एक घनमीटर पाणी तेवढ्या उंचीवर न्यायला नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्धच आठ युनिटांहून अधिक वीज लागते. घर्षण, पंपांची गळती आणि गोडं करण्याचा खर्च त्यावर. तरीही मला हा बदल योग्यच वाटतो. वाळवंटातलं जुनं भूजल एकदा संपलं की पुन्हा भरायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

मला खरी काळजी वाटते ती दळून उरलेल्या गाळाची. खनिज बारीक वाळूपेक्षाही बारीक दळतात, टाक्यांत पाणी आणि थोडं रसायन घालून खालून हवा सोडतात. रसायनामुळे चाल्कोपायराइटचे कण बुडबुड्यांना चिकटतात आणि फेस काठावरून ओघळतो. त्या फेसात तांबं पंचवीस-तीस टक्क्यांपर्यंत पोहोचतं. राहिलेला करडा गाळ मूळ दगडाच्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांच्या घरात असतो. त्यातल्या पायराइटला, म्हणजे लोह-गंधकाच्या खनिजाला, हवा-पाणी लागलं की गंधकाम्ल तयार होतं, आणि ते जड धातू विरघळवत नदीत उतरतं. खाण बंद झाली तरी हे थांबत नाही. म्हणून हा गाळ धरणामागे, शक्यतो पाण्याखाली ठेवतात. पण डोंगराळ भागात सपाट जागा कुठे असते? ग्रासबर्गचा गाळ तर नदीतूनच सखल प्रदेशात सोडला जातो, वर्षानुवर्षं रोज दोन लाख टनांच्या आसपास. कॅनडातल्या माउंट पॉली खाणीचा बांध ४ ऑगस्ट २०१४ रोजी फुटला आणि सुमारे अडीच कोटी घनमीटर पाणी व गाळ केनेल सरोवराच्या दिशेने गेला. बांधाखालच्या मातीतला एक कमकुवत थर आधी ओळखता आला नव्हता.

तळोजा एमआयडीसीत हिंदुस्तान कॉपरचा कारखाना १९८९ साली उभा राहिला, तो शुद्ध तांब्याचे जाड पत्रे (कॅथोड) वितळवून आठ मिलिमीटरचा सलग रॉड ओढण्यासाठी. हाच रॉड पुढे वायरी-केबलींच्या कारखान्यांत जातो. त्या चकचकीत वेटोळ्याकडे बघून ते कुठल्या डोंगरातून आलं हे ओळखता येत नाही. भारताच्या तांबं गाळणाऱ्या भट्ट्यांना लागणारं बहुतेक खनिज परदेशातूनच येतं. जुनं तांबं वितळवून पुन्हा वापरता येतं, गुण कमी न होता. पण जगाच्या वापरातला साधारण एक तृतीयांश भागच असा भागतो, कारण वायर एकदा भिंतीत गेली की तीस-चाळीस वर्षं बाहेर येत नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये गाळाच्या बांधांसाठी जागतिक मानक आलं. बांधाची माहिती जाहीर करणं, खालच्या वस्त्यांना विश्वासात घेणं आणि बांधाची जबाबदारी नावानिशी एका अधिकाऱ्यावर टाकणं हे त्यात आहे. ते ऐच्छिक आहे. मेट्रो, रेल्वे, महावितरण यांच्या खरेदीत तांब्याची शुद्धता आणि वाहकता काटेकोर तपासली जाते. त्याच निविदेत आणखी एक रकाना हवा: हे खनिज ज्या खाणीतलं, तिचा गाळ कुठे ठेवला आहे आणि तो बांध या मानकात बसतो का.