शेततळ्याचे चार कोपरे

पावसानं ओढ दिली की मराठवाड्यात शेततळ्यातलं एखादं पाणीसुद्धा पीक तारून नेतं. म्हणून मामांनी केजजवळच्या काळ्या रानात तळं आखलं: ३० मीटर लांब, २० मीटर रुंद. भोवती मातीचा बांध, बांधाच्या बाहेरच्या कडेनं तारेचं कुंपण. बांध किती रुंद घ्यायचा तेवढंच ठरत नव्हतं. "रान किती जातंय ते सांग, मग बघू," मामा म्हणाले.

न ठरलेल्या आकड्याला आपण क्ष म्हणतो. बाराव्या शतकात भास्कराचार्य त्याला 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जितकं-तितकं'. मला तोच शब्द आवडतो. क्ष म्हटलं की छडी आठवते.

बांध दोन्ही अंगांना, म्हणून बाहेरची लांबी ३० + २क्ष आणि रुंदी २० + २क्ष. (बरेचजण इथं क्ष एकदाच धरतात.) कुंपण म्हणजे परिमिती: १०० + ८क्ष. क्षेत्रफळ म्हणजे दोन्हींचा गुणाकार: ६०० + १००क्ष + ४क्ष². त्यातलं ६०० तळ्याचं, उरलेलं बांधाखाली.

मामांचा तोंडी हिशेब तयार होता: दोन लांब पट्टे, दोन आखूड, चार मीटरच्या बांधाला ४०० चौरस मीटर. टेप घेऊन कोपऱ्यात उभं राहिलो तेव्हा दिसलं, लांब पट्टा तळ्याच्या कोपऱ्याशी संपतो, आखूडही तिथंच संपतो, आणि मधला चार बाय चारचा चौकोन कुणाच्याच हिशेबात नाही. असे चार. ४क्ष² म्हणतात ते हेच. ६४ चौरस मीटर. एकूण ४६४. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, साधारण १०१ चौरस मीटर. म्हणजे साडेचार गुंठे गेले. दोन मीटरच्या बांधाला २१६च जातात. रुंदी दुप्पट, रान मात्र दुपटीहून जास्त. तार ११६ची १३२ मीटर, बस.

क्षच्या अशा राशीला बहुपदी म्हणतात, आणि तिच्यातल्या क्षच्या सर्वात मोठ्या घाताला कोटी. परिमितीच्या बहुपदीची कोटी एक, क्षेत्रफळाची दोन, फरक तिथला. कोटी ऐकून मामांनी मान वर केली, पण ही कोटी वेगळी.

खरी गंमत त्या आठात आहे. तळं केवढंही असो, बांध मीटरभर रुंद केला की तार आठच मीटर वाढते: बाजू चार, प्रत्येक बाजू दोन्ही टोकांना एकेक मीटर लांबते. मामांना पटेना. काडीनं मातीत ५० बाय ४०चं तळं काढलं. दोन मीटरच्या बांधाला तार १९६, तीनला २०४.

"दोनच धर," म्हणत मामांनी चार मीटरवर ठोकलेल्या खुंट्या उपटायला घेतल्या.