सहावी दाढ आणि चहाच्या वेळा

परवा कोथरूडच्या दवाखान्यात एक आजी आठ वर्षांच्या नातीला घेऊन आल्या. मुलीच्या खालच्या डाव्या दाढेत चांगलाच काळा खड्डा पडला होता. आजींचं म्हणणं एवढंच, "दुधाचीच दाढ आहे, पडेल आपोआप. पण रात्री रडते हो, म्हणून आणलं." मी मुलीच्या हातात आरसा दिला आणि मधल्या दातापासून मागे मोजायला लावलं. एक, दोन, तीन, चार, पाच... सहा. दुधाचे दात मधोमधपासून एका बाजूला पाचच असतात, असे चार कोपऱ्यांत मिळून 20. सहावा आला की तो कायमचा. आजींनी तिथल्या तिथे स्वतःच्या तोंडात जीभ फिरवून मोजलं. त्यांची नेमकी सहावी जागा रिकामी होती.

या दाढेचं दुर्दैव असं की ती गुपचूप येते. पुढचा दात पडला की घरभर कौतुक होतं, फोटो निघतात. सहावी दाढ साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे उगवते. तिच्यासाठी कुठला दात हलत नाही की पडत नाही. उगवताना ती शेजारणीपेक्षा बुटकी असते, त्यामुळे ब्रश तिच्या डोक्यावरून निघून जातो. वर खोल खाचा असतात आणि त्यातल्या काही ब्रशच्या केसापेक्षाही अरुंद. पोळीचा, बिस्किटाचा लगदा तिथे जाऊन बसला की बसला. या खाचा आधीच पातळ लेपाने बुजवता येतात. त्याला ना सुई लागते ना ड्रिल, आणि काम काही मिनिटांत होतं. तरीही पालक मुलाला आणतात ते दुखायला लागल्यावर.

मग दुधाची दाढ किडली तर चालेल का? नाही. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा धरून ठेवतात. एखादी लवकर काढावी लागली तर शेजारचे दात त्या जागेत कलतात आणि पुढे तारा बसवायची वेळ येते.

दुधाच्या दातांना कमी लेखणाऱ्यांना मला इनामगावची गोष्ट सांगाविशी वाटते. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या या गावी पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 पासून बरीच वर्षं उत्खनन केलं. ताम्रपाषाण युगातली शेतकरी वस्ती, तीन हजार वर्षांपूर्वीची. लहान मुलांना ही माणसं घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरत. त्या चिमुकल्या दातांचा अभ्यास सुभाष वाळिंबे आणि जॉन लुकाच यांनी केला. काही मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर बारीक खड्डे सापडले. त्या सुळ्याचं कवच आईच्या पोटात असताना बनायला लागतं आणि पहिल्या वाढदिवसाच्या आसपास पुरं होतं. म्हणून अभ्यासक त्या खड्ड्यांचा संबंध त्या काळातल्या पोषणाच्या ओढाताणीशी लावतात. हाडं बोलत नाहीत तेवढं दात बोलतात.

आता किडीकडे येऊ. हा शब्दच फसवा. दातात किडा असतो ही समजूत फार जुनी, आणि तो बाहेर काढायला आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरीही देत. दातावर खरं राहतं ते जिवाणूंचं दाट पांढरट सारवण. 1683 मध्ये, इकडे संभाजी महाराजांची कारकीर्द चालू असताना, तिकडे हॉलंडमध्ये लेवेनहुक नावाच्या कापडव्यापाऱ्याने स्वतःच्या दातांवरचं हे सारवण खरवडलं, आपल्याच भिंगाखाली पाहिलं आणि त्यात वळवळणारे जीव दिसल्याचं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं.

हे जीव साखर खातात आणि आम्ल सोडतात. दाताचं कवच हा शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ, वजनाने जवळजवळ 96 टक्के खनिज. पण आम्लतेचा आकडा, म्हणजे पीएच, साधारण 5.5 च्या खाली गेला की तेही विरघळायला लागतं. अमेरिकेतल्या रॉबर्ट स्टीफन यांनी 1940 च्या दशकात मोजून दाखवलं की साखरेच्या पाण्याने चूळ भरल्यावर काही मिनिटांतच हा आकडा कोसळतो आणि पूर्वपदावर यायला अर्धा-पाऊण तास किंवा जास्तही लागतो. तेवढ्या वेळात लाळ आम्ल धुते आणि कॅल्शियम, फॉस्फेट परत दातावर बसवते.

म्हणजे चमचे मोजण्यापेक्षा वेळा मोजा. सकाळी सहाला चहा-बिस्किट, पोह्यांबरोबर पुन्हा चहा, अकराला ऑफिसात कटिंग, दुपारी चहा-खारी, संध्याकाळी पाहुणे आले म्हणून अर्धा कप. प्रत्येक अर्ध्या कपाचा अर्धा-पाऊण तास. लाळेची डागडुजी पुरी होण्याआधीच पुढचा घोट येतो. त्यापेक्षा जेवणात एकदा भरपूर श्रीखंड खाल्लेलं दातांना परवडतं. (मधुमेहाचं गणित वेगळं, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.) गणपतीत मोदक मी स्वतः सोडत नाही, पण पानात वाढलेले. मुलं मंडळामंडळांतून संध्याकाळभर खिरापत आणि पेढे चघळत हिंडतात, त्याची मला जास्त धास्ती. स्वीडनमध्ये 1940 च्या दशकात विपेहोल्मच्या संस्थेतल्या मतिमंद रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफ्या खायला घालून हेच तपासलं गेलं. जेवणांच्या मध्ये खाल्लेलं चिकट गोड सर्वांत वाईट ठरलं. ही माहिती मिळवण्याची रीत मात्र लाजिरवाणी होती.

झोपेत लाळ फारच कमी होते, म्हणून रात्रीचं ब्रशिंग महत्त्वाचं. आपल्याकडे दात घासणं हा सकाळचा संस्कार, रात्रीचं म्हणजे डॉक्टरांचं फॅड. दोन्ही वेळा घासाच, पण एखादी चुकणारच असेल तर सकाळची चुकू दे. आणखी एक सवय जाता जात नाही : खळखळून चूळ भरण्याची. पेस्टमधलं फ्लोराइड दाताच्या कवचात शिरून त्याला आम्लापुढे जास्त टिकाऊ करतं आणि आपण ते लगेच बेसिनमध्ये ओतून देतो. फेस थुंकावा आणि थांबावं. तीन वर्षांपर्यंत पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढी, सहापर्यंत वाटाण्याएवढी, बस. जाहिरातीतली लाटेसारखी पट्टी पेस्ट खपवायला असते.

आजींच्या हिरड्यांतून रक्त येत होतं, म्हणून त्या तिथे ब्रश लावणंच टाळत होत्या. सगळे हेच करतात आणि इथेच चुकतात. रक्त येतं ते सुजेमुळे, सूज येते सारवणामुळे, आणि न घासल्याने सारवण वाढतं. सारवण कडक होऊन त्याचं किटण झालं की ब्रशने निघत नाही. "क्लीनिंग केलं की दात हलायला लागतात" हे मी रोज ऐकतो. हाड आधीच झिजलेलं असतं आणि किटणाने दातांना टेकू दिलेला असतो. टेकू निघाला की खरी अवस्था कळते. मधुमेहात हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आवरणं अवघड जातं. आजींनी मिश्रीचं मात्र शेवटपर्यंत नाव काढलं नाही, मीच विचारलं. तव्यावर भाजलेली तंबाखूच ती, हिरड्यांना लावली तरी तंबाखूच.

मुलीच्या दाढेच्या मुळांची टोकं अजून उघडी होती. ती नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास बंद होतात, त्यामुळे मोठ्यांसारखं रूट कॅनाल करता येत नव्हतं. कीड आणि गराचा, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ जिवंत भागाचा, वरचा खराब झालेला भाग काढून आत औषध भरलं, मुळांतला गर जिवंत ठेवला. उरलेल्या तीन सहाव्या दाढांच्या खाचा बुजवल्या. महिन्याने तपासणीला आल्या तेव्हा घरातल्या सगळ्यांची मोजणी झाली होती. मुलाची वरची एक सहावी गेलेली, सुनेच्या दोन्ही खालच्यांवर कॅप. नातीनेच टॉर्च धरला होता म्हणे.