ठरलेली मजुरी ग्राहकाने अडवल्यास: परिषदेकडील अर्ज, पात्रता आणि कागदपत्रे

काम सुरू होण्यापूर्वी मान्य केलेली रक्कम काम पूर्ण झाल्यावर ग्राहक नाकारतो किंवा 'एवढे कसे झाले?' म्हणून त्यात काटछाट करू लागतो, हा सुतार, फॅब्रिकेटर, रंगारी आणि दुरुस्ती कारागीर यांचा नेहमीचा अनुभव आहे. अशा वेळी अनेक जण आधी पोलीस ठाण्यात जातात. परंतु सुरुवातीपासून फसवणुकीचा हेतू होता असे दिसत नसेल, तर केवळ पैसे थकवणे हा दिवाणी स्वरूपाचा वाद ठरतो आणि तेथून कारागिराला बहुधा परत पाठवले जाते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ या कायद्याने मात्र लहान व्यावसायिकासाठी न्यायालयाबाहेर, राज्याच्या सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषदेकडे अर्ज करण्याचा एक स्वतंत्र मार्ग ठेवलेला आहे.

पात्रता

या कायद्यानुसार दावा करणारा 'पुरवठादार' सूक्ष्म किंवा लघु उपक्रम असावा लागतो. मध्यम उपक्रमाला हा मार्ग खुला नाही. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या निकषांप्रमाणे २.५ कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला व्यवसाय सूक्ष्म गणला जातो, म्हणजे स्वतः हत्यारे चालवणारा जवळजवळ प्रत्येक कारागीर त्यात बसतो. केवळ माल विकत घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्यांना २०२१ पासून उद्यम नोंदणी (अशा उपक्रमांची शासकीय नोंदणी) मिळत असली, तरी तिचा लाभ प्राधान्य क्षेत्रातील बँक कर्जापुरता मर्यादित आहे. त्यामुळे थकबाकीच्या अर्जासाठी ती उपयोगी पडत नाही.

खरी अडचण उद्यम नोंदणीच्या तारखेची आहे. काम ठरले तेव्हा नोंदणी नव्हती आणि पैसे अडकल्यावर ती करून घेतली, तर त्या जुन्या कामासाठी कायद्याचा लाभ मागता येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या सिल्पी इंडस्ट्रीज प्रकरणात घेतली. हा प्रश्न जानेवारी २०२५ मध्ये मोठ्या खंडपीठाकडे सोपवण्यात आला असला, तरी त्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे. उद्यम नोंदणी आधार आणि पॅन क्रमांकावर शासकीय संकेतस्थळावर विनाशुल्क होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थाची गरज नाही. ज्यांनी बांधकामासारखे साहित्यासह एकत्रित कंत्राट घेतले आहे, त्यांनी अर्जापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा, कारण मुंबई उच्च न्यायालयाने काही निकालांत अशी 'वर्क्स कॉन्ट्रॅक्ट' या कायद्याच्या बाहेर धरली आहेत.

मुदत आणि व्याज

पैसे देण्याची तारीख लेखी ठरली असेल, तर ती पाळणे ग्राहकावर बंधनकारक असते. मात्र ती काम स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडची असू शकत नाही, मग करारात काहीही लिहिलेले असो. लेखी तारीख नसेल, तर १५ दिवसांची मुदत गृहीत धरली जाते. काम सोपवल्यापासून १५ दिवसांत ग्राहकाने लेखी हरकत घेतली नाही, तर काम सोपवल्याचा दिवस हाच स्वीकृतीचा दिवस मानला जातो. दोन महिन्यांनी तोंडी सांगितलेले 'पॉलिश नीट नाही' हे कारण येथे लंगडे पडते. परंतु त्यासाठी काम कोणत्या दिवशी सोपवले हे कारागिराला कागदावर दाखवता आले पाहिजे आणि बहुतेक प्रकरणे नेमकी येथेच अडतात. मुदत उलटल्यानंतर थकीत रकमेवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. बँक दर ६ टक्के असेल, तर हे व्याज वार्षिक १८ टक्के होते.

कागदपत्रे

अर्जासोबत उद्यम नोंदणी क्रमांक, ग्राहकाने दिलेली वर्क ऑर्डर किंवा मान्य केलेले कोटेशन आणि बिल जोडावे लागते. याखेरीज काम पूर्ण झाल्याची ग्राहकाच्या सहीची व तारखेची नोंद, साहित्य पोहोचवल्याचे चलन, अ‍ॅडव्हान्स जमा झाल्याचा बँक उतारा आणि मागणीची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवल्याची पावती जवळ ठेवावी. कोटेशनवर सही नसली, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्राहकाने 'ठीक आहे, सुरू करा' असे उत्तर दिलेले असल्यास ते निरुपयोगी नाही. मात्र असा मजकूर न्यायालयात पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते, म्हणून ते संभाषण मूळ फोनमधून पुसू नये. मध्येच वाढवलेल्या कामाचा दर ठरलेला नसेल, तर भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७० चा आधार घेता येतो. फुकट करण्याच्या हेतूने न केलेल्या आणि समोरच्याने लाभ घेतलेल्या कामाचा मोबदला देणे हे कलम बंधनकारक करते.

अर्जाची कार्यपद्धती

अर्ज केंद्र शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवर भरला जातो आणि तो राज्याच्या सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषदेकडे जातो. ग्राहक दुसऱ्या राज्यातील असला, तरी अधिकार कारागिराच्या ठिकाणच्या परिषदेला असतो. परिषद प्रथम सलोख्याचा प्रयत्न करते. तो फसल्यास ती स्वतः लवाद म्हणून प्रकरण चालवते किंवा लवाद संस्थेकडे सोपवते. कायद्याने यासाठी ९० दिवसांची मुदत सांगितली आहे, प्रत्यक्षात अधिक काळ लागू शकतो. निवाड्याला आव्हान देणाऱ्या ग्राहकाला आधी निवाड्याच्या रकमेच्या ७५ टक्के रक्कम न्यायालयात भरावी लागते, आणि केवळ वेळ काढण्यासाठी अपील करणाऱ्यांना हीच अट सर्वाधिक जड जाते.

नोंदणी नसेल तर

अशा कारागिराने तालुका विधी सेवा समितीकडे दाखलपूर्व (दावा दाखल करण्यापूर्वीच्या) लोकअदालतीसाठी अर्ज करावा. तेथील तडजोडीवर अपील नाही, पण ती दोघांच्या संमतीशिवाय होत नाही. लेखी करार असल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली संक्षिप्त दावा करता येतो, ज्यात ग्राहकाला १० दिवसांत हजर व्हावे लागते आणि बचावासाठी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. पैसे देण्याची तारीख ठरलेली नसल्यास काम पूर्ण झाल्यापासून ३ वर्षांत दावा दाखल झाला पाहिजे. त्या काळात ग्राहकाने थकबाकी लेखी मान्य केली, तर मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते.

दुरुस्तीला किंवा शिवायला आलेली वस्तू कारागिराच्या ताब्यात असेल, तर करार अधिनियमाच्या कलम १७० प्रमाणे मजुरी मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते, उधारीचा करार केलेला नसल्यास. ग्राहकाच्या घरात बसवलेले कपाट किंवा ग्रील मात्र उचकटून आणण्याचा अधिकार यातून मिळत नाही.