पंच दिसेपर्यंत उशीर झालेला असतो

सेल्फ डिफेन्सच्या रील्समध्ये एक गोष्ट हमखास असते, समोरचा येऊन मनगट धरतो आणि धरून तसाच गप्प उभा राहतो, मग हिरो आरामात त्याचा हात पिरगाळून त्याला आडवा करतो. दिसायला भारी, पण खरा हल्लेखोर असा थांबत नाही, तो दुसऱ्या हाताने ठोसे मारत असतो.

खरी अडचण वेळेची आहे. लाइट लागला की बटण दाबायचं, एवढ्या साध्या कामालाही माणसाला साधारण ०.२ ते ०.२५ सेकंद लागतात, आणि जवळून आलेला फास्ट पंच साधारण तेवढ्यातच तोंडावर पोचतो. म्हणजे आधी बघू मग ब्लॉक करू म्हणाल तर गणितच बसत नाही. त्यात पर्याय वाढले की अजून लोच्या. विल्यम हिक या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १९५२ साली प्रयोगातून दाखवलं की पर्याय दुप्पट झाले की दर वेळी रिअ‍ॅक्शन टाइममध्ये ठराविक भर पडते. भरपूर सरावाने ही भर कमी होते, पण पन्नास टेक्निक्सचा तेवढा सराव करणार कोण, त्यापेक्षा चार-पाच नीट घोटलेल्या बऱ्या.

मग बॉक्सर पंच चुकवतात कसे? ते मुठीची वाट बघत बसतच नाहीत, खांदा हलला, कंबर वळली, वजन पायावर गेलं की त्यांना आधीच कळतं. ही नजर हवेत पंच मारून येत नाही, समोर खरंच मारायला बघणारा पार्टनर लागतो. जिगोरो कानोने १८८२ मध्ये टोकियोत ज्यूदो सुरू केलं तेव्हा हेच केलं, जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले धोकादायक प्रकार कातापुरते, म्हणजे आधी ठरवून केलेल्या हालचालींपुरते, ठेवले आणि बाकीचे रांदोरीत, म्हणजे विरोध करणाऱ्या पार्टनरवर, पूर्ण जोर लावून करायला लावले. गंमत बघा, कमी घातक डाव रोज खरोखर खेळणारा माणूस, 'जीवघेणे' डाव नुसते हवेत करणाऱ्यापेक्षा भारी पडतो. डोळ्यात बोटं घालायची प्रॅक्टिस कुणावर करणार?

अ‍ॅड्रेनालिन चढलं की हात थरथरतात, नजर समोरच्यावरच खिळते, आजूबाजूचं धड ऐकू येत नाही, काही जण तर जागीच गोठतात. अशा वेळी बोटांची नाजूक पकड जमत नाही, ढकलणं, कोपर मारणं, पळणं अशा मोठ्या हालचाली मात्र बऱ्यापैकी टिकतात. ग्लोव्ह नसताना मुठीने डोक्यावर मारू नका, कवटी टणक असते आणि करंगळीमागचं हाड सहज मोडतं, तळहाताचा खालचा भाग वापरा.

पण सगळ्यात स्वस्त बचाव म्हणजे अंतर. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ मध्ये लिहिलं होतं की माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात पार करतो. सुरी हातात असलेला असेल तर दीड सेकंद म्हणजे काहीच नाही, म्हणून शक्य तिथे पळाच, आणि अडकलात तर उघडे हात छातीसमोर धरून बोलत बोलत मागे सरका. दिसायला विनवणी वाटते, पण हात आधीच वर आलेले असतात.

आणि हो, स्पारिंग, म्हणजे पार्टनरशी सरावाची लढत, हवं म्हणून रोज डोक्यावर जोरात मार खायची गरज नाही, मेंदूला वारंवार बसणारे हादरे साठत जातात. हलक्या जोराने पण खऱ्या टायमिंगने खेळलं तरी नजर तयार होते.