दोघांत मिळून एक आठवण

लग्नाला चाळीस-पंचेचाळीस वर्षं झाली की नवरा-बायको आठवणींची वाटणी करून घेतात. ठरवून कुणी करत नाही, ती होत जाते. आमच्या इंदुरात रामबागेतल्या एका घरची वाटणी मी लहानपणापासून पाहत आलो. एलआयसीचे हप्ते, घरपट्टीच्या पावत्या, पेन्शनची कागदपत्रं, स्कूटरचा विमा हे सगळं काकांकडे. कुणाच्या लग्नात काय आहेर केला, धाकट्या नणंदेला कोणतं औषध सोसत नाही, देवासच्या मावशी कोणत्या साली गेल्या, हे काकूंकडे. गोष्ट सांगताना काका एखाद्या नावाशी अडायचे, काकू स्वयंपाकघरातून ते नाव पुरवायच्या आणि काका न थांबता पुढे निघायचे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांनी 1985 मध्ये याला ‘ट्रान्सॅक्टिव्ह मेमरी’ असं नाव दिलं. दोघांपैकी प्रत्येकाला सगळं आठवायची गरज नसते. ‘हे तिला माहीत असतं’ एवढं माहीत असलं तरी भागतं. 1991 मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी काही तरुण जोडप्यांना, लग्नही न झालेल्या, माहिती पाठ करायला दिली आणि अनोळखी माणसांच्या जोड्यांशी त्यांची तुलना केली. जोडपी सरस ठरली. पण ‘हा विषय तू लक्षात ठेव, तो तिने’ अशी वाटणी बाहेरून लादली, तेव्हा तीच जोडपी अनोळखी जोड्यांच्याही मागे पडली. काही महिन्यांच्या सोबतीत वाटणी एवढी पक्की होत असेल, तर चाळीस वर्षांच्या संसारात काय होत असेल?

अल्झायमरबद्दल बोलताना आपण नेहमी एका मेंदूबद्दल बोलतो. बिघाड तिथेच होतो, हे खरं. पण मुरलेल्या संसारात घाला पडतो तो दोघांच्या सामाईक आठवणीवर, आणि या आजाराच्या बऱ्याच गोष्टी तिथून पाहिल्या की नीट उलगडतात. पहिली म्हणजे, तो इतका उशिरा का कळतो.

काकांच्या बाबतीत पहिली दोनेक वर्षं कुणालाच काही कळलं नाही, कारण काकू भरून काढत होत्या. नाव अडलं की नाव, वाक्य अडलं की वाक्य, औषधाची गोळी, गॅसचा नंबर. आपण काही लपवतोय असंही त्यांच्या मनात नव्हतं. आयुष्यभर केलं तेच थोडं जास्त करत होत्या. डॉक्टरांना ही खूण ओळखीची असते. रुग्णाला साधा प्रश्न विचारला की तो उत्तर द्यायच्या आधी मान वळवून बायकोकडे पाहतो. वैद्यकात याला ‘हेड टर्निंग साइन’ म्हणतात, आणि विसरभोळेपणाच्या इतर कारणांपेक्षा अल्झायमरमध्ये ती जास्त दिसते. म्हणूनच अनुभवी डॉक्टर काही वेळ नवऱ्याशी एकट्याने बोलतात आणि काही वेळ बायकोशी. आपल्याकडे हे रुचत नाही. ‘मी सांगते ना, त्यांना कशाला त्रास?’ असं म्हणून बायको खुर्ची पुढे ओढते.

जोडीदार आजार किती झाकतो हे मोजणं अवघड आहे. 2020 मध्ये अमेरिकेत पैशांच्या व्यवहारांचा एक मोठा अभ्यास झाला. पुढे डिमेन्शियाचं (स्मृती आणि बुद्धीच्या ऱ्हासाचं, अल्झायमर हा त्याचाच एक प्रकार) निदान झालेल्यांची बिलं निदानाच्या सहा वर्षं आधीपासूनच थकू लागली होती, असं त्यात दिसलं. पण या अभ्यासासाठी एकट्याने राहणारे वृद्ध निवडले होते. घरात दुसरं माणूस असलं की थकलेलं बिल ते माणूस भरून टाकतं, मग आकड्यांत काय दिसणार!

या आजाराची नोंद झालेली पहिली कहाणीही एका संसाराचीच आहे. 1901 च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टमधला एक रेल्वे कारकून, कार्ल डेटर, आपल्या 51 वर्षांच्या बायकोला मनोरुग्णालयात घेऊन आला. ऑगस्टे आधी नवऱ्यावर संशय घेऊ लागली होती, मग स्वयंपाक बिघडू लागला, वस्तू भलतीकडे ठेवल्या जाऊ लागल्या. तिथले डॉक्टर आलोइस अल्झायमर यांनी तिच्याशी झालेला संवाद शब्दशः उतरवून ठेवला. नाव काय? ‘ऑगस्टे.’ आडनाव? ‘ऑगस्टे.’ नवऱ्याचं नाव? ‘मला वाटतं, ऑगस्टे.’ तुमच्या नवऱ्याचं? ‘अच्छा, माझ्या नवऱ्याचं!’ एप्रिल 1906 मध्ये ती वारली. तिचा मेंदू तपासून अल्झायमर यांनी त्याच वर्षी 3 नोव्हेंबरला ट्यूबिंगनच्या परिषदेत निष्कर्ष मांडले, तेव्हा कुणी एक प्रश्नही विचारला नाही. 1910 मध्ये जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. ऑगस्टेची फाईल मात्र दडून राहिली, ती 1990 च्या दशकात सापडली.

अल्झायमर यांना सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी दिसल्या होत्या आणि आजही निदानाचा पाया त्याच आहेत. पेशींच्या बाहेर साचलेला बीटा अमायलॉइड या प्रथिनाचा थर, आणि पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाचा गुंता. टाऊचं एरवीचं काम चांगलं असतं: चेतापेशीच्या लांब तंतूमधून जी वाहतूक चालते तिच्या नळ्यांना ते आधार देतं. ते सुटं होऊन गुंतलं की वाहतूक थांबते, आधी पेशींमधले जोड जातात आणि मग पेशी. हा गुंता मेंदूत कोणत्या क्रमाने पसरतो ते 1991 मध्ये हायको आणि एफा ब्राक यांनी दाखवून दिलं. (हे दोघे स्वतः नवरा-बायको होते.) सुरुवात कानाच्या पातळीला, मेंदूत आत खोलवर असलेल्या एन्टोरायनल भागात होते आणि तिथून शेजारच्या हिप्पोकॅम्पसकडे जाते. नवी आठवण पक्की करायचं काम हिप्पोकॅम्पसचं. म्हणून सकाळी पोहे खाल्ले हे अकरा वाजता आठवत नाही, पण मालवा मिलचा भोंगा किती वाजता व्हायचा ते बिनचूक आठवतं. जुन्या आठवणी तोवर मेंदूच्या बाहेरच्या थरात पसरून बसलेल्या असतात, तिथे आजार उशिरा पोचतो. आणि अमायलॉइड साचायला सुरुवात झालेली असते पहिल्या लक्षणाच्या पंधरा-वीस वर्षं आधी.

इंदूरच्या मराठी माणसाच्या बाबतीत तपासणीत आणखी एक मेख असते, ती भाषेची. काका घरात मराठी, बाहेर हिंदी, असे सत्तर वर्षं जगले. तपासणी हिंदीत झाली. ‘आज कौन सी तारीख है?’ यावर ते गप्प राहिले. काकूंनी मराठीत विचारलं तर म्हणाले, ‘परवा संकष्टी झाली ना?’ आणि ती झालीच होती. अशा चाचण्या माणूस, त्याची भाषा आणि शिक्षण पाहून बेताव्या लागतात. हरियाणातल्या बल्लभगडच्या अभ्यासासाठी 1990 च्या दशकात हिंदीत जी चाचणी बनवली, तिच्यात अक्षरओळख नसलेल्या माणसालाही जमेल असं ‘सकाळ आहे की संध्याकाळ?’ विचारायची सोय होती. आजार वाढला की नंतर शिकलेली भाषा आधी विरळ होते आणि आईची भाषा टिकते, असा अनेक कुटुंबांचा अनुभव आहे. दोन भाषांचा फायदाही आहे म्हणा. हैदराबादेत सुवर्णा अल्लादी आणि सहकाऱ्यांनी 648 रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये लक्षणं साधारण साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली आढळली. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांमध्येही हा फरक होता.

संसाराला सगळ्यात जास्त जखम करतं ते विसरणं नव्हे. चोरीचा आळ, संशय, आणि ‘ही माझी बायको नाही’ हे वाक्य. फ्रेंच डॉक्टर जोसेफ काप्ग्रा यांनी 1923 मध्ये अशा भ्रमाचं वर्णन केलं. त्यांच्या रुग्ण बाईंची खात्री होती की आपल्या नवऱ्याच्या जागी हुबेहूब दिसणारा दुसराच कुणी आणून ठेवला आहे. ओळखीचा चेहरा दिसला की मेंदूत दोन गोष्टी होतात. चेहरा कुणाचा ते कळतं, आणि त्यासोबत आपलेपणाची एक लहर उठते, जी तळहाताच्या सूक्ष्म घामावरून मोजतासुद्धा येते. 1990 च्या दशकात असा भ्रम असलेल्या रुग्णांवर हे मोजलं, तेव्हा ओळखीच्या चेहऱ्यांना ती लहर उठतच नव्हती. डोळे सांगतात ‘हीच ती’ आणि आतून काहीच हलत नाही. मेंदू या विसंगतीतून मार्ग काढतो: म्हणजे ही तिच्यासारखी दिसणारी दुसरी कुणीतरी.

काकूंना हे ऐकायला लागलं ते एका संध्याकाळी. ‘तुम्ही चांगल्या घरच्या दिसता, उशीर झालाय, घरी जा,’ काका अगदी सौजन्याने म्हणाले. काकू चिडल्या, मग त्यांनी लग्नाचा अल्बम काढला. इथे पुरावा चालत नाही. वाद घातला की त्या माणसाला फक्त एवढंच कळतं की समोरची बाई रागावली आहे. काही काळाने काकूंना स्वतःलाच युक्ती सापडली. त्या आत जाऊन मागच्या खोलीतून ‘अहो, चहा टाकू का?’ अशी हाक देत. आवाज पटायचा. चेहऱ्याची आणि आवाजाची वाट मेंदूत वेगळी असते, त्यामुळे काही रुग्णांमध्ये एक बंद पडली तरी दुसरी चालू राहते. सगळ्यांच्या बाबतीत हे साधेलच असं नाही.

भावनेचं मात्र वेगळं आहे. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी 17 अल्झायमर रुग्णांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. हा अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. काही मिनिटांत रुग्ण चित्रफीत विसरले, काहींना तर आपण काही पाहिलं हेच आठवेना. मनातलं दुःख किंवा आनंद मात्र तसाच राहिला. सकाळी कुणी खेकसलं हे संध्याकाळी आठवत नाही, पण संध्याकाळ उदास जाते. ‘त्यांना काय, थोड्या वेळाने विसरतील,’ असं म्हणून बोलणाऱ्या नातेवाइकांना हा निष्कर्ष मी आवर्जून ऐकवतो.

भारतात 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अंदाजानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना डिमेन्शिया आहे. त्यात मोठा वाटा अल्झायमरचा. प्रमाण बायकांमध्ये जास्त आहे, आणि सांभाळणाऱ्यांतही बायकाच जास्त. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, नाहीतर अमेरिकेत. म्हणजे उरते सत्तरीची बायको. तिच्या शरीरावर काय परिणाम होतो? ओहायोत 1995 मध्ये एक अभ्यास झाला. डिमेन्शियाच्या नातेवाइकाला सांभाळणाऱ्या 13 स्त्रियांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची छोटीशी जखम केली आणि त्याच वयाच्या इतर 13 जणींच्याही. इतरांची जखम सरासरी 39 दिवसांत भरली, सांभाळणाऱ्यांची भरायला जवळजवळ 49 दिवस लागले. अभ्यास लहान होता, पण फरक लहान नाही. यूटामध्ये 1,221 वृद्ध जोडप्यांचा पाठपुरावा केला, तेव्हा (निष्कर्ष 2010 चे) ज्यांच्या जोडीदाराला डिमेन्शिया झाला त्यांना स्वतःला तो होण्याचा धोका सहा पट आढळला. यात ताणाचा भाग किती आणि वर्षानुवर्षं एकच ताट, एकच दिनक्रम असण्याचा किती, हे वेगळं काढता आलं नाही. रामबागेतल्या काकूंचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं ते योगायोगाने. काकांना तपासायला आलेल्या डॉक्टरांनी सहज त्यांच्याही हाताला पट्टा गुंडाळला होता.

आणि दुसरं नुकसान कुणी मोजत नाही. काकूंचा मेंदू शाबूत आहे, पण त्यांच्या कितीतरी आठवणी बँकेच्या लॉकरसारख्या दोन किल्ल्यांनी उघडणाऱ्या होत्या. काका अर्धी गोष्ट सांगायचे तेव्हा काकूंना उरलेली सुचायची. आता त्याच म्हणतात, ‘मलासुद्धा आजकाल नावं आठवेनाशी झालीत.’ मुलाने घाबरून त्यांचीही तपासणी करवली. काही निघालं नाही.

उपचारांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. डोनेपेझिल आणि मेमँटिन या जुन्या गोळ्या काही जणांना थोडा काळ आधार देतात. लेकॅनेमॅब हे अमायलॉइड काढून टाकणारं औषध. अमेरिकेत त्याला 2023 मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने ऱ्हासाचा वेग 27 टक्क्यांनी कमी केला, तोही फक्त सुरुवातीच्या टप्प्यात. मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. कोणतंही औषध सुरू करण्याआधी बी-12, थायरॉइड आणि नैराश्य तपासून घ्यावं, कारण त्यांनी होणारा विसराळूपणा उपचारांनी सुधारू शकतो. कानाला ऐकू कमी येत असेल तर यंत्र लावावं. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या 2024 च्या आयोगाने डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी जी 14 कारणं सांगितली त्यात बहिरेपण आहे, ब्लडप्रेशर आणि मधुमेहही आहेत.

मग लवकर निदान होऊन उपयोग काय, असं विचारलं जातं. माझ्या मते सगळ्यात मोठा उपयोग हा की काकांचा अर्धा हिस्सा काकूंकडे सोपवायला वेळ मिळतो. कायद्यातही तोवरच वाव आहे. आपल्याकडे पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी देणाऱ्याची समज गेली की तो कागद निकामी होतो, नेमका गरज असते तेव्हाच. मग बँकेतले पैसे काढायला किंवा घर विकायला पालक नेमून घ्यावा लागतो आणि त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागतं. इंदुरात खंडपीठ आहे म्हणून निदान जबलपूर गाठावं लागत नाही. मृत्युपत्रही समज शाबूत असतानाच व्हायला हवं, आणि सोबत त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र असलेलं बरं.

रामबागेत निदान झाल्यावर दोघं रोज सकाळी, काकांचं डोकं ताजं असताना, वही घेऊन बसू लागले. खाती दोघांच्या नावावर झाली, नॉमिनी तपासून झाले, मोबाइलचे पिन काकूंनी पाठ केले. फाइलींचं काम लवकर उरकलं. वेळ लागला तो काकांनी कोणत्या भाच्याला किती पैसे उसने दिले होते ते काढायला, कारण ते त्यांनी काकूंना कधी सांगितलंच नव्हतं.